रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन प्लस’: मुलाच्या लघवीत प्रोटीन आलं तर काय करायचं

जूनमध्ये शाळा-होस्टेलचे प्रवेश सुरू झाले की आमच्या सोलापुरातल्या लॅबच्या काउंटरवर एक ठरावीक प्रश्न येतो. फॉर्मवर ‘युरिन रुटीन’ लिहिलेलं असतं म्हणून तपासणी झालेली असते, पोरगं धडधाकट समोर उभं असतं आणि कागदावर अल्ब्युमिन या प्रोटीनपुढे एक नाहीतर दोन प्लस. “मॅडम, किडनीला काय झालंय का ओ?” यावर मी आधी उलटेच प्रश्न विचारते. नमुना किती वाजता दिला? त्याआधी पोरगं काय करत होतं? परवा-तेरवा ताप होता का? उत्तरं मिळाली की निम्म्या वेळा प्लसचं कारण तिथेच कळतं.

हे लिहितेय ते असा रिपोर्ट पहिल्यांदाच हातात पडलेल्या आईवडिलांसाठी. मी लॅबवाली आहे, निदान करणं आणि औषध देणं डॉक्टरांचं काम. पण नमुना कसा बिघडतो हे मी रोज बघते, आणि बिनधोक प्रोटीन ओळखण्याचं बरंचसं काम नमुन्याशीच येऊन थांबतं.

एक आकडा मनात असू द्या. फिनलंडमध्ये ८ ते १५ वयाच्या जवळपास नऊ हजार शाळकरी मुलांचे प्रत्येकी चार नमुने तपासले होते. तो अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. चारपैकी एका तरी नमुन्यात प्रोटीन सापडलेली मुलं दहा टक्क्यांच्या वर निघाली. चारही नमुन्यांत सापडलेली हजारात एक. म्हणजे एका प्लसवरून ‘किडनीचा आजार’ म्हणणं चुकीचं आणि त्याच प्लसकडे काणाडोळा करणंही चुकीचं, कारण ते हजारातलं एक मूल कुणाच्या तरी घरात असतंच.

आधी मुलाकडे बघा, कागदाकडे नंतर

पुढच्या सगळ्या पायऱ्या फक्त ठणठणीत मुलासाठी आहेत. खालीलपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलच्या बालरोग विभागात जा.

सकाळी उठल्यावर डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या दिसणं हे पहिलं लक्षण. दुपारपर्यंत ही सूज उतरते, म्हणून बरेच जण ॲलर्जी किंवा डोळे आले असं समजून थेंब घालत बसतात. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा. खड्डा राहिला तर ती सूज आहे. पोट फुगणं, लघवी कमी होणं, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा लालसर होणं, डोकं दुखून उलट्या होणं, सांधे दुखणं, अंगावर पुरळ येणं, हीसुद्धा वाट पाहण्याची लक्षणं नव्हेत. एक-दोन आठवड्यांपूर्वी घसा दुखून ताप येऊन गेला असेल, किंवा तीन ते सहा आठवड्यांपूर्वी पायाला पू झालेले फोड, चिघळलेली खरूज झाली असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज येते ती याच अंतराने. घरात कुणाला किडनीचा आजार किंवा लहानपणापासून बहिरेपण असेल तर तेही सांगा.

फेसाबद्दल सगळेच विचारतात. उंचावरून जोरात धार पडली की फेस येतोच, आणि संडासात क्लीनर टाकलेला असेल तर विचारूच नका. रोज येणारा, पाणी ओतल्यावरही न विरणारा दाट फेस असेल तर तो सांगण्यासारखा.

शेवटची गोष्ट रक्तदाब. मुलाचा बीपी मोजायचा असतो हेच आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. दंडाच्या मापाचा लहान पट्टा लावून मोजायला सांगा, मोठ्यांचा पट्टा चालत नाही. आणि आठ वर्षांच्या मुलाचा १२०/८० आला तर ‘अगदी नॉर्मल’ म्हणून घरी येऊ नका, त्या वयाला तो जास्त आहे.

कागदावर नेमकं काय लिहिलंय

रुटीनमध्ये बहुतेक ठिकाणी पट्टी बुडवतात. पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन मुळात पिवळा असतो. अल्ब्युमिन असेल तर तो पोपटी, मग हिरवा, मग निळसर हिरवा होत जातो. ‘ट्रेस’ म्हणजे जेमतेम छटा. एक प्लस म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम, दोन प्लस १००, तीन प्लस ३००, चार प्लस हजार किंवा त्याहून जास्त. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे होतं. रंग ठरलेल्या सेकंदांनी वाचायचा असतो, बहुतेक पट्ट्यांवर साठाव्या सेकंदाला. गर्दीत पट्टी तशीच पडून राहिली की रंग गडद होतो. पिवळ्या बल्बखाली तर पिवळा आणि पोपटी यांतला फरक कुणालाच कळत नाही, म्हणून मी पट्टी खिडकीशी नेऊन वाचते.

पट्टी फक्त घट्टपणा सांगते. दिवसभरात एकूण किती प्रोटीन गेलं ते तिला कळत नाही. म्हणून अल्ब्युमिनच्या ओळीवर बोट ठेवलंत की लगेच ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ची ओळ शोधा. तिथे १.०३० किंवा जवळपासचा आकडा असेल तर लघवी फार घट्ट होती आणि एक प्लसला फारशी किंमत नाही. एप्रिल-मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना, शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत आणणाऱ्या मुलाची लघवी अशीच असते. उलट आकडा १.००५ असेल तर लघवी पाण्यासारखी पातळ आहे. तिथे ‘ट्रेस’ही दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

मग पीएच, म्हणजे लघवी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते बघा. आठच्या पुढे असेल तर पट्टी खोटा प्लस दाखवू शकते. त्यानंतर पस सेल्स (पू-पेशी) आणि आरबीसी (लाल रक्तपेशी). पस सेल्स भरपूर असतील तर आधी लघवीच्या संसर्गाचा विचार होतो, प्रोटीनचा नंतर. प्रोटीनसोबत आरबीसीही असतील तर मात्र हे प्रकरण ‘बिनधोक’च्या रांगेत बसत नाही. डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि तीन प्लस किंवा चार प्लस असेल तर मूल कितीही हसतंखेळतं असो, वाट पाहायची नाही. ताप-व्यायामाने येणारं प्रोटीन सहसा दोन प्लसच्या पलीकडे जात नाही.

मागचे दोन दिवस आठवा

निरोगी मूत्रपिंडाच्या गाळणीतूनही थोडं प्रोटीन निसटतं आणि पुढच्या बारीक नळ्या त्यातलं बहुतेक परत शोषून घेतात. ताप, दमछाक करणारा व्यायाम, अंगातलं पाणी कमी होणं, फिट येणं, कडाक्याची थंडी, मोठा मानसिक ताण, यांत मूत्रपिंडातलं रक्ताभिसरण तेवढ्यापुरतं बदलतं आणि गाळणीतून नेहमीपेक्षा जास्त प्रोटीन उतरतं. गाळणी शाबूत असते. कारण सरलं की प्रोटीनही थांबतं. डॉक्टर याला फंक्शनल म्हणतात.

सोलापुरात हे कुठे कुठे दिसतं? पार्क मैदानावर सकाळी नेट्स करून तसाच घामेजलेला लॅबमध्ये आलेला पोरगा. जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर रोज धावणारी कबड्डी-खोखोची मुलगी. गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वज पेलण्याचा सराव करणारी कॉलेजातली पोरं. आषाढीला आजोबांबरोबर पंढरपूरच्या वाटेवर चाललेला नातू. यांची लघवी त्याच दिवशी तपासली तर प्लस येण्याची बरीच शक्यता आहे. व्यायामाचं प्रोटीन २४ ते ४८ तासांत जातं. तापाचं ताप उतरल्यावर काही दिवसांत जातं, पण आजारपण संपून एक-दोन आठवडे गेल्यावर तपासलेलं बरं, म्हणजे शंका राहत नाही.

तापात मुद्दाम लघवी तपासू नका असं मात्र मी म्हणत नाही. लहान मुलाला कारण न सापडणारा ताप असेल तर संसर्ग शोधायला ती तपासणी लागतेच. फक्त त्या रिपोर्टमधल्या प्रोटीनच्या ओळीवरून त्या दिवशी निष्कर्ष काढायचा नाही.

दोन बारीक गोष्टी. वयात आलेल्या मुलीचा नमुना पाळीच्या दिवसांत देऊ नका; आयांनाच हे सांगावं लागतं, कारण मुली काउंटरवर बोलत नाहीत. आणि मूल कुठली औषधं घेतंय, विशेषतः दुखण्यासाठीच्या गोळ्या सारख्या चालू आहेत का, ते डॉक्टरांना सांगा.

थांबा, मग परत तपासा

एक किंवा दोन प्लस, मूल ठणठणीत, बीपी नीट, लघवीत रक्त नाही: एवढं जमलं तर एक-दोन आठवड्यांनी परत तपासायचं. त्याआधीचे दोन दिवस खेळाला सुट्टी. पाणी नेहमीसारखं.

‘त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये करून बघू’ हा मोह आवरा. पोरगं तेच, उन्हाचं तापलेलं अंग तेच, उत्तरही तेच येणार. दुसरा मोह त्याहून वाईट: तपासणीआधी तांब्यावर तांब्या पाणी पाजून रिपोर्ट ‘क्लीन’ आणणं. लघवी पातळ झाली की पट्टी निगेटिव्ह येते, प्रोटीन असलं तरी. फॉर्मवर सही मिळते आणि खरा आजार असेल तर तो झाकून जातो.

परत तपासल्यावर प्रोटीन नाही आलं, तर बहुतेकदा विषय तिथे संपतो. डॉक्टरांनी वर्षभरात एकदा पुन्हा बघायला सांगितलं तर बघा. पुन्हा आलं तर पुढची पायरी, आणि ही पायरी नीट केली तर पुढचा बराच खर्च वाचतो.

सकाळचा पहिला नमुना

वाढत्या वयाच्या बऱ्याच मुलांमध्ये असं असतं की उभं असताना, हिंडताफिरताना लघवीतून प्रोटीन जातं आणि आडवं झोपल्यावर थांबतं. डॉक्टर याला ऑर्थोस्टॅटिक म्हणतात. बहुतेकदा ही मुलं किशोरवयातली, उंच, सडपातळ असतात. काहींमध्ये डाव्या मूत्रपिंडाकडून येणारी रक्तवाहिनी महाधमनी आणि आतड्याकडे जाणारी धमनी यांच्यामध्ये दाबली जाते, असंही आढळलं आहे. अशा मुलाचा दुपारचा नमुना कितीही वेळा तपासा, प्लसच येणार. म्हणून झोपेत तयार झालेली लघवी वेगळी पकडायची.

ते असं करा. सुट्टीचा दिवस निवडा. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाठवू नका. रात्री झोपायच्या अगदी आधी, अंथरूण घातल्यावर, लघवीला पाठवा, आणि आल्याबरोबर आडवं. इथेच सगळे चुकतात. नऊला लघवी करून पोरगं अकरापर्यंत मोबाइल घेऊन बसलं, तर ते दोन तास बसून-उभं राहून तयार झालेली लघवी मूत्राशयात साठते आणि सकाळच्या बाटलीत उतरते. मग ‘झोपेतही प्रोटीन जातंय’ असा खोटाच निष्कर्ष निघतो. रात्री मध्येच लघवीला उठलं तर हरकत नाही. जाऊन परत लगेच झोपायचं, आणि ती लघवी धरायची नाही.

बाटली रात्रीच उशाशी ठेवा. सकाळी जाग आली की चूळ नाही, चहा नाही, थेट लघवी. चाळीत संडास लांब असला तरी चालतं. लघवी आधीच तयार झालेली आहे, चार पावलांनी काही बिघडत नाही. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली बाटलीत घ्यायची. त्याआधी जागा साध्या पाण्याने धुवा, जंतुनाशक नको: क्लोरहेक्सिडिनसारख्या द्रवाचा अंश राहिला तरी पट्टी फसते. बाटली लॅबमधूनच आणा. औषधाच्या धुतलेल्या बाटल्या आमच्याकडे अजूनही येतात, आणि तळाशी सिरपचा गुलाबी ओघळ असतो.

एक इथली खास अडचण. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि कधीकधी भल्या पहाटे येतं. त्या दिवशी अख्खं घर उठून घागरी भरत असतं, पोरंही बादल्या उचलतात. तासभर पाणी भरून झाल्यावर दिलेला नमुना ‘सकाळचा पहिला’ असेल, पण झोपेतला नसतो. पाण्याचा दिवस टाळा.

बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि ‘पहिली’ असं लिहा. मग मुलाला नेहमीसारखं हिंडू द्या, खेळण्याची जबरदस्ती नको, आणि तीन-चार तासांनी दुसऱ्या बाटलीत दुसरा नमुना घ्या. त्यावर ‘दुसरी’. दोन्हींवर वेळ नसेल तर जोडीला काही अर्थ उरत नाही.

पहिली बाटली तासा-दोन तासांत पोचवा. दुसरीसाठी थांबायचं असेल तर पहिली फ्रिजमध्ये ठेवा. स्कूटरच्या डिकीत नको. मे महिन्यात डिकीत तासभर राहिलेली लघवी म्हणजे जंतूंची शेती: ते युरिया फोडून अमोनिया करतात, पीएच चढतो, आणि पट्टीवर खोटा प्लस येतो. बाटली उघडल्याबरोबर वासावरूनच आम्हाला कळतं.

पट्टी नको, गुणोत्तर मागा

या दोन्ही नमुन्यांवर पट्टीऐवजी ‘युरिन प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो’ करून घ्या. डॉक्टर चिठ्ठीवर ‘यूपीसीआर’ लिहितात. लघवी पातळ झाली की प्रोटीन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) दोन्ही सारखेच पातळ होतात, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर पाणी कमी-जास्त प्यायल्याने फसत नाही. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवण्याची गरज यामुळे क्वचितच पडते, आणि खरं सांगायचं तर शाळकरी मुलाचं चोवीस तासांचं कलेक्शन पूर्ण आलेलं मी अभावानेच पाहिलंय.

दोन वर्षांवरच्या मुलात सकाळच्या पहिल्या नमुन्याचा रेशो ०.२ च्या खाली असला की नॉर्मल. सहा महिने ते दोन वर्षं या वयात ०.५ पर्यंत चालतं. दोनच्या वर म्हणजे नेफ्रॉटिक पातळी (लघवीतून खूपच प्रोटीन जाणं), तिथे घरगुती विचार करायला जागाच नाही. एकक मात्र वाचा: काही लॅब ग्रॅममागे मिलिग्रॅम छापतात, त्यात ०.२ चे २०० होतात. ‘१५०’ बघून एक बाबा घामाघूम झाले होते; तो ०.१५ होता, नॉर्मल. आणि अगदी काटकुळ्या मुलात स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमी, त्यामुळे रेशो थोडा फुगून येतो. सीमेवरचा आकडा असेल तर डॉक्टर हे धरूनच बघतात.

सकाळचा नॉर्मल आणि दुसरा वाढलेला, असं एकदा आलं की लगेच शिक्का मारायचा नाही. सकाळचा नमुना तीन वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो लागोपाठ, तपासून तीनही नॉर्मल आले, लघवीत रक्त नाही, बीपी ठीक, तेव्हा डॉक्टर ऑर्थोस्टॅटिक म्हणतात. सकाळचाच वारंवार ०.२ च्या वर येत असेल तर रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि मुलांच्या किडनीतज्ज्ञांचा सल्ला, हा रस्ता ठरलेला आहे. हे फार दिवस लांबवू नका.

दरम्यान घरात काय बदलायचं

जवळपास काहीच नाही. प्रोटीन जातंय म्हणून डाळ, अंडी, शेंगाचटणी बंद करणं हा सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात निरर्थक उपाय. वाढत्या मुलाचं त्यात नुकसानच होतं. उलट ‘भरून काढायला’ प्रोटीन पावडर सुरू करणंही तितकंच बिनकामाचं. उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. किडनी साफ करणारे काढे तर नकोतच, काही जडीबुटींमुळेच मूत्रपिंड बिघडतं. आणि स्टेरॉइड हे नेफ्रॉटिक सिंड्रोमचं औषध आहे, प्लसचं नव्हे. शेजारच्या मुलाला दिलं म्हणून आपल्याला द्या असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

ऑर्थोस्टॅटिक ठरलेल्या मुलाला खेळ बंद करायचे नाहीत. औषध नाही, पथ्य नाही. अशा तरुणांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला आहे आणि त्यांची मूत्रपिंडं व्यवस्थित राहिलेली आहेत. फक्त सकाळ-दुपारचे जोडीचे रिपोर्ट एकत्र स्टेपल करून फाइलला लावा आणि त्यावर डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या. शाळेच्या शिबिरात किंवा खेळाच्या निवडीवेळी दुपारी तपासणी झाली की प्लस परत येणारच, आणि तिथला नवा डॉक्टर सगळं पहिल्यापासून सुरू करेल.

वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आसपास लक्षात राहतं म्हणून तेव्हा, तीन गोष्टी करा: सकाळच्या पहिल्या नमुन्याचा रेशो, लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि बीपी. मूल मोठं झाल्यावर दुपारचंही प्रोटीन बहुतेकदा आपोआप थांबतं. पण ज्या वर्षी सकाळचा रेशो ०.२ ओलांडेल, आरबीसी दिसतील किंवा बीपी चढलेला असेल, त्या वर्षी जुन्या निदानाचा कागद दाखवून सुटका करून घ्यायची नाही. तीच फाइल घेऊन किडनीतज्ज्ञांकडे जायचं.